कॉम्पूर नावाचा कॅमेरा शोधताना

श्टुटगार्टच्या कार्ल्सप्लाट्झवर शनिवारी जुना बाजार भरतो. तिथे मला एक घडीचा कॅमेरा मिळाला. बटण दाबलं की झाकण पडतं आणि काळा भाता भिंगासकट ताठ उभा राहतो. भिंगाभोवती ठळक अक्षरांत ‘कॉम्पूर’. झालं, दोन दिवस मी ‘कॉम्पूर कॅमेरा’ शोधत बसलो.

कॉम्पूर हे शटरचं, म्हणजे ठरावीक वेळ उघडून प्रकाश आत सोडणाऱ्या झडपेचं नाव आहे. म्युनिकच्या फ्रीडरिश डेकेल यांच्या कारखान्यात ते बनायचं आणि अनेक कंपन्या ते आपापल्या कॅमेऱ्यांना लावायच्या. ‘प्रोंटोर’ या दुसऱ्या शटरचंही तसंच. सर्वांत मोठी अक्षरं शटरचीच असल्याने फसायला होतं. कॅमेऱ्याचं खरं नाव चामड्यात होतं. टॉर्च आडवा धरला तेव्हा पुसट ठसा दिसला: ५२०/२. म्हणजे झाइस इकॉन कंपनीचा इकॉन्टा. तिरप्या रेघेपुढचा २ हा ६×९ सेंमीच्या फोटोचा. इका, एर्नेमान, गोएर्ट्झ आणि याच श्टुटगार्टची कॉन्टेसा-नेटल एकत्र येऊन १९२६ मध्ये ड्रेस्डेनला ही कंपनी उभी राहिली होती.

मग वय. टेसार भिंगाचा क्रमांक सोळा लाखांच्या घरातला, म्हणजे १९३५ च्या आसपासचा. पण भिंग मागाहून बदललेलं असू शकतं, म्हणून मी एकट्या क्रमांकावर विसंबलो नाही. फ्लॅशची वायर जोडायला जागा नव्हती, युद्धोत्तर भिंगांवर दिसणारा, भिंगावरच्या लेपाची खूण असलेला लाल ‘टी’ नव्हता आणि शटरची कळ अजून शटरवरच होती, वरच्या पट्टीवर आलेली नव्हती. सगळ्या खुणा एकाच काळाकडे बोट दाखवत होत्या. तेव्हा कुठे मी वहीत तारीख लिहिली.

भाता मी अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च लावून तपासला. कोपऱ्यात एकही ठिपका चमकला नाही, म्हणजे भोक नव्हतं. शटर मात्र एक सेकंदावर अडकायचं. नव्वद वर्षांत तेल घट्ट झालेलं. ते एका जाणत्या कारागिराकडून साफ करून घेतलं. ती साफसफाई स्वतः करू नका, असं मी कळकळीने सांगेन.

फोकसचं काम मात्र घरीच जमलं. फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर चिकटवला, शटर उघडं ठेवलं आणि दूरच्या टीव्ही टॉवरकडे रोखलं. भिंगाभोवतीचं अंतराचं कडं ‘अनंत’वर असूनही टॉवर धूसर! कड्याचे बारीक स्क्रू सैल केले, टॉवर रेखीव दिसेपर्यंत पुढचं भिंग फिरवलं आणि कडं पुन्हा ‘अनंत’वर घट्ट केलं.

‘१२०’ मापाच्या फिल्म रोलवर इथे आठच फोटो. आणि आधी कॅमेरा उघडायचा, मग फिल्म पुढे सरकवायची. भाता झटक्यात उघडला की फिल्म भिंगाच्या बाजूला ओढली जाते; नंतर सरकवली की पुन्हा सपाट होते. भेटीला आलेल्या आईचा पहिला फोटो काढला. अंतर शिवणाच्या टेपने मोजलं, बरोबर दोन मीटर. वाचायच्या भिंगाखाली धरलं तर निगेटिव्हमध्ये तिच्या चष्म्यात आमची खिडकी दिसते, गजांसकट.