फ्रॉइड पटतो का गं तुला?

सायकॉलॉजी शिकलेय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, तो मनाच्या तळाशी दडलेलं शोधणारा फ्रॉइड पटतो का गं तुला? आणि मी दरवेळी अडखळते, कारण हो म्हणावं तर ते इडिपस प्रकरण (लहान मुलाला आईची ओढ आणि बापाचा मत्सर वाटतो म्हणे) पण पदरात घ्यावं लागतं आणि नाही म्हटलं तर खोटं बोलल्यासारखं होतं.

मागच्या आठवड्यातलंच बघा ना. साहेबांनी मीटिंगमध्ये झापलं, तिथे मी गप्प, आणि घरी येऊन नवऱ्यावर तडकले, का तर ओला टॉवेल पलंगावर. वड्याचं तेल वांग्यावर! यालाच पुस्तकात डिस्प्लेसमेंट म्हणतात. अशा डिफेन्स मेकॅनिझम्सवर, म्हणजे मन स्वतःला वाचवायला ज्या युक्त्या करतं त्यांच्यावर, फ्रॉइडच्या मुलीने, अॅनाने, 1936 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. इडिपसला नाकं मुरडणारे लोकही हे शब्द बिनधास्त वापरतात.

मला सगळ्यात आवडतो तो अमेरिकन सायकायट्रिस्ट अॅरन बेकचा किस्सा. हा माणूस मुळात फ्रॉइडवालाच, सायकोअॅनालिसिसचं, म्हणजे फ्रॉइडच्या उपचारपद्धतीचं, रीतसर ट्रेनिंग घेतलेला. डिप्रेशन म्हणजे स्वतःवरच उलटलेला राग, हे फ्रॉइडचं म्हणणं सिद्ध करायला तो पेशंट्सची स्वप्नं तपासायला बसला, आणि राग सापडायच्या ऐवजी सापडलं काय तर हरणं, नाकारलं जाणं, काहीच हाती न लागणं. यातूनच पुढे त्याची कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे चुकीचे विचार ओळखून बदलायला शिकवणारी पद्धत, आली. म्हणजे फ्रॉइडला खरं ठरवायला गेला आणि स्वतःचं वेगळंच दुकान मांडून बसला :)

1982 मध्ये अमेरिकेत एका सर्व्हेत सायकॉलॉजिस्टना विचारलं होतं, तुमच्यावर प्रभाव कोणाचा जास्त? पहिला कार्ल रॉजर्स (पेशंटचं ऐकून घेण्यावर भर देणारा), दुसरा अल्बर्ट एलिस (चुकीचे विचार खोडून काढणारा), फ्रॉइड तिसरा. आणि स्वतःला एकाच पंथाचं न म्हणवता एक्लेक्टिक, म्हणजे सगळीकडचं थोडं थोडं घेणारे, म्हणवणारे सगळ्यात जास्त. रॉजर्सचंही सगळं कुठे पटतं लोकांना? एम्पथी, जजमेंट न करता ऐकून घेणं, खोटा मुखवटा नसणं, हे थेरपिस्टकडे हवंच याला सहसा कोणी नाही म्हणत नाही, पण 1957 मध्ये त्याने असल्या सहा अटी मांडून पेशंटमध्ये बदल व्हायला एवढंच पुरेसं आहे असंही लिहून टाकलं, त्या ‘पुरेसं’वर आजही वाद घालतात. मलाही ते नाही पटत, पॅनिक अटॅक येणाऱ्याला नुसतं ऐकून कसं भागेल?

हे सगळं मी नवऱ्याला सांगत होते, तो अगदी रॉजर्सच्या थाटात मध्ये एक शब्द न बोलता ऐकत होता. शेवटी म्हणाला, म्हणजे टॉवेलचा प्रॉब्लेम नव्हताच तर.