दार कुठे आहे?

एकांकिका स्पर्धेत परीक्षक म्हणून गेलो की जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी हमखास गाठतं. "सर, नाटक लिहायचंय, सुरुवात कुठून करू?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

माझ्या पहिल्या एकांकिकेत नऊ ब्लॅकआउट होते, म्हणजे जागा बदलायला रंगमंचावर नऊ वेळा अंधार. घर, हॉस्पिटल, परत घर, बसस्टॉप. कागदावर 'अंधार' लिहायला कितीसा वेळ लागतो? प्रयोगात त्या अंधारात टेबल ओढल्याचा आवाज आला, कुणाचा तरी पाय आपटला आणि "अरे, उशी राहिली!" हे विंगेतलं वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. त्या दिवशीचा सगळ्यात मोठा हशा त्यालाच. माझ्या विनोदांवर कुणी खोकलंसुद्धा नाही.

तेव्हापासून मी संवादांआधी जागा ठरवतो. दार कुठे, खुर्च्या किती, आणि भांडण झालं तर माणूस इथून सरळ उठून का जात नाही?

विजय तेंडुलकरांचं, 'रंगायन' या नाट्यसंस्थेनं १९६७ साली रंगमंचावर आणलेलं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक या नजरेनं पुन्हा वाचा. सगळं एका हॉलमध्ये घडतं: नाटकमंडळी वेळ घालवायला खोट्या खटल्याचा खेळ मांडतात आणि त्यांच्यातल्याच बेणारेबाईंना आरोपी करतात. सुरुवातीलाच बेणारेबाईंचं बोट दाराच्या कडीत सापडतं. किरकोळ गोष्ट, आपण विसरूनही जातो. पुढे खेळातला खटला अंगाशी येतो, बाई निघायला उठतात आणि दार उघडत नाही. त्या कडीची तजवीज लेखकानं पहिल्या काही मिनिटांतच करून ठेवलेली असते.

मग बाकीचे बोलत सुटतात आणि बेणारे गप्प. मी पंचविशीत ते लिहिलं असतं, तर प्रत्येक आरोपावर तिला तडफदार वाक्य दिलं असतं. टाळ्याही पडल्या असत्या बहुतेक. पण ती गप्प बसते म्हणून आपण बोलणाऱ्यांकडे नाही, तिच्याकडे बघत राहतो.

तालमीत नट विचारतो, "तो बोलतोय तेव्हा मी काय करू?" लेखक म्हणतो, "ऐक." ऐकण्यासारखं काही नसेल तर तो बिचारा तांब्यातलं पाणी भांड्यात ओतत बसतो. दोन पानांत चारदा पाणी ओतलं गेलं की समजावं, चूक नटाची नाही.

बाकी मोठ्यानं वाचा, दम लागेल तिथे वाक्य तोडा, हे तुम्हाला कुणीही सांगेल.

माझ्या नव्या नाटकात ब्लॅकआउट दोनच आहेत. दुसऱ्यावरून दिग्दर्शिका अजून कुरकुर करतेय.