आग बघायला गेलो, सापडला गंज

हेस्टिंग्जचा पिअर जळाला तो ५ ऑक्टोबर २०१० च्या पहाटे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या पिअरचं वरचं जवळजवळ सगळं बांधकाम एका रात्रीत गेलं. नंतर खालच्या सांगाड्याची तपासणी झाली, त्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून मीही होतो, तसा नवखाच.

पिअर म्हणजे लोखंडी खांबांवर फळ्या टाकून समुद्रात नेलेला फिरायचा रस्ता. हा २८० मीटर लांब, युजीनियस बर्च या इंजिनिअरने आखलेला, १८७२ साली खुला झालेला. टोकाचा मूळ हॉल १९१७ मध्ये जळालाच होता. नवा बांधला, आणि साठच्या दशकात या पिअरवर गिटारवादक जिमी हेंड्रिक्सही वाजवून गेला.

अशा कामाची वेळ ओहोटी ठरवते. मी रत्नागिरीकडचा, उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान भरती मला कुणी शिकवायला नको होती. पण इथे उधाणाला पाणी सहा-सात मीटर चढतं-उतरतं, तेव्हा घाई काय असते ते कळलं. पाणी मागे सरकलं की त्याच्या पाठोपाठ आत जायचं आणि ते फिरायच्या आधी बाहेर यायचं. जुन्या रंगात शिसं असतं म्हणून तोंडाला मास्क. वरून काही पडेल म्हणून आखून दिलेली वाट सोडायची नाही.

मान वर केली तर घडीव लोखंडाचे गर्डर झोळीसारखे लोंबत होते. बघून पोटात गोळा यायचा, पण खरं सांगायचं तर त्यांची काळजी कमी होती. घडीव लोखंड तापलं की मऊ पडतं, वाकतं आणि गार झाल्यावर तसंच राहतं. कुठे किती भाजलं ते उघड दिसतं. घोर होता खांबांचा. ते बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, आतून पोकळ. बीड वाकत नाही. तापलेल्या बिडावर बंबाचं गार पाणी पडलं तर त्याला तडा जातो, आणि तो रंगाखाली लपून राहू शकतो.

म्हणून एकेका खांबावर हातोडा मारत निघालो. चांगलं बीड खणखणीत वाजतं, तडकलेलं बद्द. शिवाय रंगाकडेही बघायचं. जिथे रंगाला फोड नाहीत, तिथे धग फारशी पोचलेली नाही. फळ्यांच्या लगतचा भाग काळाठिक्कर, तिथला रंग पापुद्रे सुटून गेलेला. जरा खाली आलं की मात्र रंग शाबूत. त्याच्याही खाली, भरतीच्या रेषेशी, शिंपले खांबांना चिकटून जिवंत.

तेवढ्यात एक खांब बद्द वाजला. वरपर्यंत रंग धड, भाजल्याची खूण नाही. मुख्य इंजिनिअरने वाकून जोडाकडे बोट दाखवलं. खांबांना एकमेकांशी बांधणारी तिरपी सळई जिथे बसते, तिथे गंज फुगून पापुद्र्यावर पापुद्रा चढला होता. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. त्या दाबाने बिडाचा कान, म्हणजे सळई अडकवायचा खांबाचा पुढे आलेला भाग, फुटला होता. फुटलेली कडही गंजलेली, म्हणजे तडा आगीच्या बऱ्याच आधीचा. मग पुढे नुसत्या सळयाच बघत गेलो. लाटांचे तुषार उडतात त्या पट्ट्यात काही जागी त्या पेन्सिलीएवढ्या उरल्या होत्या.

मग आठवलं, हा पिअर धोकादायक म्हणून २००६ मध्येच बंद झाला होता. आगीने वरचा हॉल नेला, पायाला मात्र अनास्थेने कुरतडलं होतं. पण आगीचे फोटो छापून येतात, न दिलेल्या रंगाचे येत नाहीत. याच किनाऱ्यावरच्या ब्रायटनच्या वेस्ट पिअरचंही असंच. तोही बर्चचाच, १८६६ चा. लोक म्हणतात तो २००३ मध्ये जळाला. जळाला खरा, मार्चमध्ये आणि पुन्हा मे महिन्यात. पण १९७५ पासून तो बंद होता आणि २००२ च्या डिसेंबरातल्या वादळात त्याचा एक भाग आधीच कोसळला होता.

हेस्टिंग्जचं नशीब बरं. नगरपालिकेने सक्तीने ताबा घेतला, लॉटरीच्या वारसा निधीतून सुमारे १.१४ कोटी पौंड मिळाले, गावकऱ्यांनीही भागभांडवल घातलं. बराचसा पैसा खालच्या लोखंडावर गेला, आणि ते योग्यच होतं. २०१६ मध्ये पिअर उघडला तेव्हा वर मोठा हॉल नव्हता. मोकळं लाकडी अंगण होतं आणि आगीतून वाचलेल्या फळ्या बाहेरून लावलेली एक इमारत. काहींना ते ओकंबोकं वाटलं. मला आवडलं. २०१७ मध्ये त्याला वास्तुकलेचं ब्रिटनमधलं मानाचं स्टर्लिंग पारितोषिक मिळालं, आणि पुढच्याच महिन्यात चालवणारी संस्था पैशाअभावी प्रशासकाच्या हाती गेली. २०१८ मध्ये पिअर खासगी मालकाला विकला गेला.

आता पिअरची फाइल आली की आगीचे फोटो मी बाजूला ठेवतो आणि आधी शेवटच्या रंगकामाची नोंद मागवतो. ती नसेल तर तिरप्या सळयांपासून सुरुवात.