लिशियन वाट: कराऊझ ते फॅसेलिस, आणि एक आटलेला झरा

माझी धाकटी बहीण जर्मनीत असते. दिवाळीच्या सुट्टीत कुठेतरी मध्यावर भेटू, असं दोन वर्षं चाललं होतं. शेवटी तिनेच तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लिशियन वाटेचं नाव काढलं. "ताई, तुला गड हवेत आणि मला समुद्र. दोन्ही आहे तिथे." व्हिसाचं पुराण लांबवत नाही. तिच्याकडे जर्मनीचा रहिवासी परवाना असल्याने तिला तो ऑनलाइन मिळाला, आणि मी बँकेचे कागद, पगाराच्या पावत्या, फोटो असं सगळं बाड घेऊन रीतसर अर्ज केला.

ही वाट फेथिये ते अंताल्या अशी पाचशेहून जास्त किलोमीटरची. केट क्लो या तुर्कस्तानात राहणाऱ्या ब्रिटिश बाईंनी जुन्या पायवाटा, धनगरांच्या वाटा आणि रोमनकालीन रस्ते जोडून ती आखली आणि १९९९ मध्ये खुली झाली. दगडांवर, झाडांवर पांढरा-लाल पट्टा दिसला की वाट बरोबर. लाल फुली दिसली की मागे फिरा. आम्ही पूर्वेकडचा तुकडा निवडला: कराऊझहून गेलिदोन्या भूशिर, अद्रासान, ऑलिंपोस, चिराली, तेकिरोवा आणि शेवटी फॅसेलिस. साधारण साठ-पासष्ट किलोमीटर, चार दिवस. यातला बहुतेक भाग ऑलिंपोस-बेयदाग्लारी किनारी राष्ट्रीय उद्यानात येतो. ते १९७२ मध्ये जाहीर झालं.

अंताल्याहून कुमलुजापर्यंत बस आणि तिथून पुढे दोलमुश. दोलमुश म्हणजे 'भरलेला'. गाडी भरल्याशिवाय हलत नाही म्हणून हे नाव. आपल्या वडापचा सख्खा भाऊ. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टोमॅटोची काचघरं, आणि ड्रायव्हरच्या शेजारी मांडीवर रोपांचा ट्रे घेतलेली एक आजी. घरी आल्यासारखं वाटलं.

पहिल्या दिवसाबद्दल सगळ्यांनीच बजावलं होतं की पाणी नाही. म्हणून आम्ही प्रत्येकी चार लिटर घेतलं. कराऊझपासून मातीचा रस्ता, मग पाइनच्या झाडीतून चढ, आणि भूशिराच्या कड्यावर १९३० च्या दशकातलं छोटं पांढरं दीपगृह. खाली समुद्रात बेटांची रांग. याच पाण्यात ख्रिस्तपूर्व १२०० च्या सुमाराला एक व्यापारी जहाज बुडालं. १९६० मध्ये पुरातत्त्वज्ञ जॉर्ज बास आणि त्यांच्या चमूने स्वतः पाण्याखाली जाऊन त्याचं उत्खनन केलं; समुद्रतळावरच्या पुरातत्त्वाची पद्धतशीर सुरुवात तिथूनच मानतात. तांब्याच्या लगडी मिळाल्या, त्या आता बोद्रुमच्या संग्रहालयात आहेत. वरून पाहताना काही म्हणजे काही कळत नाही, नुसतं निळं पाणी. पण मी बराच वेळ बसून राहिले.

पुढची अद्रासानपर्यंतची वाट मात्र घामटं काढणारी. सह्याद्रीत एकदा माथा गाठला की सपाटी मिळते. इथे दर घळीला उतरायचं आणि पुन्हा चढायचं. चुनखडीचे दगड इतके धारदार की एकदा हात टेकला तर तळव्याला ओरखडे. संध्याकाळी अद्रासानला पोचलो तेव्हा माझ्या बाटलीत जेमतेम दोन घोट होते आणि आम्ही दोघी स्वतःवर फार खूश होतो. ही खुशी पुढे भोवली.

दुसऱ्या दिवशी मूसा डोंगर. ७०० मीटरच्या घरातला चढ, पण सावली भरपूर. तिथे एक झाड दिसतं, ज्याची लालसर साल कागदासारखी सोलून निघते आणि आतलं खोड गुळगुळीत, जणू नुकतंच तेल लावलेलं. अद्रासानहून एक पिवळा कुत्रा आमच्याबरोबर निघाला तो त्या दिवसाच्या शेवटपर्यंत. आम्ही त्याला बिस्किटं द्यायचो, तो आम्हाला वाट दाखवायचा. फुलीची वाट त्याला बरोबर कळायची.

आणि मग जे झालं त्यासाठी मी पुन्हा तो डोंगर चढेन. उतरता उतरता झाडीत एक भिंत दिसली. मला वाटलं शेताचा बांध. मग दुसरी, मग दरवाज्याची चौकट, मग वेलींत अडकलेली दगडी शवपेटी. पाटी नाही, कुंपण नाही. ऑलिंपोस शहरात आम्ही मागच्या दाराने शिरलो होतो. शहराच्या मधून ओढा वाहतो. दोन्ही काठ घडीव दगडांनी बांधून काढलेले, एका पुलाचा तुटका खांब अजून उभा. पलीकडे देवळाचं उंच दार, फक्त दार. तिथल्या कोरीव लेखामुळे ते रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळातलं, म्हणजे दुसऱ्या शतकातलं, हे कळतं. त्याआधी हे गाव झेनिकेतेस नावाच्या चाच्याचा अड्डा होतं, आणि ख्रिस्तपूर्व ७८ च्या सुमारास रोमन सेनापती सर्विलियसने त्याचा बंदोबस्त केला. समुद्राच्या तोंडाशी कड्याखाली कप्तान युदेमोसची शवपेटी आहे. तिच्यावर जहाज कोरलंय, आणि खाली चार ओळींची कविता: शेवटच्या बंदरात नांगर टाकल्याची. बहिणीने फोनवर भाषांतर वाचून दाखवलं आणि मग आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

तिकीट राहिलंच होतं. किनाऱ्याकडच्या खिडकीवर जाऊन, बाहेर पडताना, आत यायचं तिकीट काढलं. खिडकीतल्या माणसाने आमच्या बुटांकडे पाहिलं, मग डोंगराकडे, आणि हसला.

चिरालीच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, लॉगरहेड जातीची. हंगाम संपला होता, वाळूवर एक-दोन जाळीचे पिंजरे उरले होते. वेळासला पहाटे उठून पिल्लं समुद्रात जाताना पाहिली असल्यामुळे मला ते रिकामे पिंजरेसुद्धा ओळखीचे वाटले. रात्री यानारताशला गेलो. डोंगराच्या उघड्या खडकातून वायू झिरपतो आणि त्याच्या ज्वाळा हजारो वर्षं जळताहेत. ग्रीक पुराणातली आग ओकणारी राक्षसीण खिमायरा ती हीच म्हणतात. तिथे एक कुटुंब चक्क सॉसेज भाजत होतं. पुराणकथेचं इतकं सोयीस्कर टोक मी कुठे पाहिलं नव्हतं.

चिरालीपासून वाट फुटते. एक फाटा डोंगरातून ताहताली शिखराकडे, दुसरा किनाऱ्याने तेकिरोवाला. आम्ही किनारा घेतला. सोपा दिवस, असं गृहीत धरून. नकाशावर अर्ध्या वाटेत 'चेश्मे' लिहिलं होतं. चेश्मे म्हणजे पाण्याची तोटी किंवा झरा. मूळ फारसी शब्द, आणि त्याच कुळातून आपल्याकडे चष्मा आला, हे मी सकाळी नाश्त्याला बहिणीला मोठ्या ऐटीत सांगितलं. आणि झरा आहेच म्हणून दोघींत मिळून तीनच लिटर पाणी घेतलं.

झरा होता. म्हणजे दगडी कुंडी होती, लोखंडी नळी होती, नळीखाली शेवाळाचा वाळलेला हिरवा डाग होता. ऑक्टोबर अखेर. एप्रिलच्या वर्णनांवर विसंबून ऑक्टोबरात चालायला निघालेल्या आम्ही! आपल्याकडे फेब्रुवारीनंतर कुठल्या गडावरचं टाकं आटतं ते मी झोपेत सांगेन. इथे मात्र समुद्र शेजारी दिसतोय म्हणून डोक्यातून गेलंच की समुद्र पिता येत नाही.

त्यात एका वळणावर शेळ्यांच्या वाटेने भरकटलो. पट्टे कधी संपले ते कळलं नाही. पाऊण तास काटेरी झुडपांत घालवून आलो तसेच मागे फिरलो. कुत्रा असता तर, असं बहीण म्हणाली. मी म्हटलं, "कुत्र्यालासुद्धा पाणी लागलं असतं." त्यावर तिला हसू आलं नाही. तिचे ओठ फुटले होते. दुपारी दीडला माझ्याकडे पाणी संपलं, तिच्याकडे पाव बाटली. प्यायचं नाही, फक्त तोंड ओलं करायचं, असा नियम केला आणि दोघींनीही तो गुपचूप मोडला.

मादेनच्या खाडीत उतरलो. मादेन म्हणजे खाण. इथे पूर्वी क्रोमची खाण होती. एक पर्यटकांची बोट नांगरून उभी होती, गाणी चालू होती. बहिणीने रिकामी बाटली डोक्यावर धरून हलवली. तुर्कीत बाटलीला शिशे म्हणतात, आपल्या औषधाच्या शिशीचीच बहीण. पण 'सू', पाणी, हा एकच शब्द पुरला. एका पोराने दोन मोठ्या बाटल्या पिशवीत बांधून पाण्यात उडी मारली आणि पोहत घेऊन आला. पैसे घेतले नाहीत. वर दोन डाळिंबं दिली. आम्ही गोट्यांवर बसून ती फोडून खाल्ली, हात, गुडघे, शर्ट सगळं लाल.

तेकिरोवाला पोचेपर्यंत अंधार झाला. जाणाऱ्यांना एवढंच सांगेन की या टप्प्याला माणशी चार लिटर घ्या, आणि 'चेश्मे' ही नकाशावरची शक्यता समजा.

शेवटचा दिवस लहान होता. तेकिरोवात हॉटेलांच्या भिंतींमध्ये खुणा हरवतात, तिथे लोकांना विचारत गेलो. टेकडी ओलांडली आणि पाइनच्या सावलीत फॅसेलिस. तीन बंदरांचं गाव. अलेक्झांडर इथे हिवाळ्यात मुक्कामाला थांबला होता. दोन बंदरांना जोडणारा फरसबंद रुंद रस्ता, एका टोकाला सम्राट हॅड्रियनच्या भेटीसाठी उभारलेल्या कमानीचे तुकडे. रस्त्याकडेच्या स्नानगृहात जमिनीखाली विटांचे बुटके खांब दिसतात. त्यांच्यामधून गरम हवा फिरवून वरची फरशी तापवायचे. अंघोळीला गरम फरशी! आणि मग उत्तरेकडच्या बंदराजवळ झाडांमध्ये जलवाहिनीच्या कमानी, एकामागे एक. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी त्यावरून गावात यायचं.

इतर लोक समोरच्या बंदरात पोहत होते. आम्ही दोघी मात्र त्या कमानी मोजत, कुठून सुरू होतात, उतार किती दिलाय, कुठे तुटल्यात ते पाहत फिरलो. बहीण इंजिनिअर आहे. ती एका खांबाला पाठ टेकून म्हणाली, "ताई, यांनी आधी झरा बारा महिने वाहतो का ते पाहिलं असणार."

मी काही बोलले नाही. पार्किंगजवळच्या टपरीवर दीड लिटरच्या दोन बाटल्या घेतल्या आणि हमरस्त्याकडे चालू लागलो. अंताल्याचं दोलमुश आलं तेव्हा ते नावाप्रमाणे भरलेलं होतं. ड्रायव्हरने मागच्यांना सरकायला सांगितलं आणि आमच्या सॅक टपावर टाकल्या. बाटल्या मात्र आम्ही मांडीवरच ठेवल्या.