ऊस वाढला, बॅटरी संपली

"उन्हाळ्यात चालतंय, पावसाळ्यात मरतंय. सेन्सरला पण पाणी लागलं काय?" शिरोळ भागातल्या एका उसाच्या फडात आज दादांनी विचारलं. जमिनीचा ओलावा मोजून बिनतारी कळवणाऱ्या सेन्सरबद्दल.

सेन्सरचा डबा उघडला, आत कोरडा ठाक. बॅटरी मात्र संपलेली. पाणी डब्यात नव्हतंच, पाणी पानांत होतं.

लागवडीच्या वेळी जमिनीपासून फूटभर उंचीवर अँटेना लावला, गेटवे, म्हणजे निरोप गोळा करून इंटरनेटवर पाठवणारं यंत्र, अर्धा किलोमीटरवर. तेव्हा सगळं मोकळं. आता दहा फूट ऊस. ८६५-८६७ मेगाहर्ट्झचा लोरा (कमी विजेत लांब जाणारा रेडिओ) सिग्नल हिरव्या पानांत चांगलाच शोषला जातो. गेटवेकडून उत्तर येईना की नोड, म्हणजे शेतातला सेन्सर-रेडिओचा डबा, आपणहून स्प्रेडिंग फॅक्टर वाढवत ७ वरून १२ वर जातो. हा आकडा जितका मोठा, तितका निरोप सावकाश पण लांब जातो. १० बाइटचा जो निरोप साधारण ६० मिलिसेकंदांत जायचा, त्याला मग जवळजवळ दीड सेकंद लागतो. म्हणजे रेडिओ चोवीस पट वेळ चालू! दोन वर्षांचा बॅटरीचा हिशेब तिथेच बुडाला.

अँटेना वर न्यायचा, हे कळतं. पण रेडिओ खाली ठेवून पातळ कोॲक्स केबलने (अँटेनाच्या वायरने) वर नेला तर मीटरला साधारण एक डेसिबल सिग्नल तिथेच जातो. त्यापेक्षा रेडिओच चार मीटरच्या पाइपवर चढवावा आणि ओलाव्याच्या सेन्सरची वायर खाली सोडावी. तीही आरएस-४८५ ची, म्हणजे आकडे डिजिटल पाठवणारी, गोंगाटाला दाद न देणारी. साध्या ॲनालॉग वायरवर शेजारची मोटर सुरू झाली की आकडे नाचतात.

संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये शेत सपाट असतं, आणि पीक कधी वाढतच नाही.

नोड बसवताना पीक किती उंच होणार, हे विचारता का कुणी?