कंपासपेटीएवढा लेझर

परवा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये फ्लो सायटोमीटरच्या, म्हणजे लेझरनं एकेक पेशी तपासणाऱ्या मशीनच्या, सर्व्हिसिंगला गेलो होतो, तिथला नवीन टेक्निशियन पोरगा म्हणाला, दादा ह्यात लेझर नेमका कुठंय? कव्हर काढून दाखवला तर त्याला पटेनाच. पोरांच्या कंपासपेटीएवढा डबा, बस्स.

मी हे काम शिकलो ते मुंबईत, जुन्या आर्गॉन गॅसच्या लेझरवर. पंधरा-वीस मिलिवॅट निळा प्रकाश मिळवायला किलोवॅटभर वीज खायचा, बाकी सगळी नुसती उष्णता, फॅन दिवसभर घोंघावायचा आणि काही हजार तास झाले की ट्यूब बदला. असलं धूड आपल्याकडं कोण ठेवणार? म्हणून ब्लड कॅन्सरचा संशय आला की सॅम्पल रात्रीच्या गाडीनं पुण्या-मुंबईला, आणि पेशी काय आपली वाट बघत थांबत नाहीत, उशीर होईल तशा मरत जातात.

त्या पोराला मी कारखान्याच्या वजनकाट्याचं उदाहरण दिलं. उसाच्या ट्रॉल्या जशा एकामागं एक काट्यावर येतात तशा चमकणारा रंग लावलेल्या पेशी एकेक करून किरणासमोरनं जातात, फक्त सेकंदाला हजारोंनी. आता काटाच हलत असला तर वजन कशाचं खरं धरायचं? लेझरची पॉवर जरा थरथरली की ती थरथर प्रत्येक पेशीच्या रीडिंगमध्ये उतरते, आणि अंधूक चमकणाऱ्या पेशी, ज्या खरं तर शोधायच्या असतात, त्या त्यात हरवतात.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते ४८८ नॅनोमीटरचं, म्हणजे त्या निळ्या प्रकाशाच्या तरंगलांबीचं. आर्गॉनची ठळक रेघ ४८८ ची, म्हणून एफआयटीसीसारखे त्याच्यावर चांगले चमकणारे रंग रुळले, अख्ख्या जगाच्या टेस्ट त्यावर बसल्या. मग सॉलिड-स्टेट, म्हणजे गॅसऐवजी क्रिस्टल नाहीतर चिपवर चालणारे छोटे लेझर बनवणाऱ्यांना ४८८ च काढणं भाग होतं. नेहमीच्या निओडिमियमच्या क्रिस्टलमधनं ४७३ निघतो, ५३२ निघतो, पण ४८८ काही निघत नाही. तर त्यांनी ९७६ नॅनोमीटरची सेमीकंडक्टर चिपच बनवली आणि क्रिस्टलमधनं तिची फ्रिक्वेन्सी दुप्पट केली, म्हणजे तरंगलांबी निम्मी, झाला ४८८! पुढं ५६१ आला तो पीई नावाच्या रंगाला ४८८ पेक्षा कितीतरी चांगला लागू पडतो, आणि ४०५ चा व्हायोलेट तर थेट डायोडच, त्यामागं ज्या निळ्या एलईडीचं काम आहे त्याला २०१४ चं नोबेल मिळालं.

पण छोटा झाला म्हणून त्याला गरम होत नाही असं नाही हं. ह्या लॅबमध्ये बीड्सचा (मशीन तपासायचे एकसारखे बारीक मणी) सीव्ही, म्हणजे रीडिंगमधला विखुरलेपणा, आठवडाभर वाढत चालला होता, डॉक्टर म्हणाले लेझर गेला, आता लाखांचा खर्च. मी आधी मागची जाळी काढली. रस्त्याची धूळ अशी थापून बसलेली की हवाच आत जात नव्हती, त्यात रात्री एसी बंद करायची सवय. लेझरखालची प्लेट तापली की आतला कूलर कितीही धडपडला तरी तापमान धरून ठेवू शकत नाही, आणि मग पॉवर डगमगायला लागते. जाळी धुतली, वाळवली, एसी लावून तासभर थांबलो, बीड्स परत चालवले तर ग्राफवरचा सुळका एकदम बारीक, पहिल्यासारखा.

तोवर गडहिंग्लजहून एका बारक्या पोराचं बोन मॅरोचं सॅम्पल आलं होतं. डॉक्टरांनी मला चहासुद्धा विचारला नाही, सरळ सॅम्पलची ट्यूब लावायला घेतली. मी कव्हर बसवलं आणि बाजूला झालो.