बेळगावच्या गल्लीत राहायचं तर आधी फळा वाचा

बेळगावच्या पेठेत बहुतेक गल्ल्यांच्या तोंडाशी एक काळा फळा असतो. कधी देवळाच्या भिंतीला ठोकलेला, कधी मंडळाच्या खोलीबाहेर, कधी दोन लोखंडी पायांवर नुसताच उभा. वर पांढऱ्या ऑइलपेंटनं गल्लीचं नि मंडळाचं नाव, खाली खडूनं त्या दिवसाचा मजकूर. कुणाचं निधन झालं, अंत्यविधी किती वाजता, सदाशिवनगर स्मशानभूमीत की शहापूरच्या मुक्तिधामात, रक्षाविसर्जन कधी. नाहीतर पंच कमिटीची बैठक, महाप्रसाद, व्याख्यान. काहीच नसेल तर सुविचार. चार-आठ दिवस राहायला आलेल्यानं पहिल्या सकाळी चहाच्या आधी हा फळा वाचावा. समोरचं दुकान का उघडलं नाही, गल्लीत मोटार का घालू देत नाहीत, भोंगा आज मुका का, या सगळ्याची उत्तरं तिथं असतात.

शहराचा कारभार महापालिका करते, पण राहण्याचा हिशेब गल्लीवर असतो. गल्लीचं देऊळ, देवळाची पंच कमिटी, तरुणांचं मंडळ, बायकांचं मंडळ. लाखांच्या शहरात ही गावगाड्याची रचना टिकून आहे. म्हणून इथं राहायचं तर शहरात राहतोय असं समजून वागू नका, गावात उतरलोय असं समजा.

आता उतरायचं कुठं ते. स्टेशनवरून रिक्षा करताना ‘जुन्या बेळगावात’ असं सांगू नका. ‘जुने बेळगाव’ हे पुणे-बंगळूर रस्त्याच्या अंगाचं वेगळंच ठिकाण आहे आणि रिक्षावाला तुम्हाला इमानानं तिकडं नेऊन सोडेल. गल्लीचं नाव सांगा, नाहीतर जवळचा खूट सांगा. खूट म्हणजे गल्ल्या मिळतात तो कोपरा: शनिवार खूट, यंदे खूट. हा शब्द पुण्या-मुंबईच्या माणसाला ठाऊक नसतो, इथं मात्र पत्ता त्याच्यावरच चालतो. तसेच ‘वेस’वाले पत्ते. काकतीवेस, बोगारवेस, वेशी गेल्या, नावं राहिली. बोगार म्हणजे तांब्या-पितळेची भांडी करणारे नि विकणारे. बोगारवेशीचं आजचं पाटीवरचं नाव धर्मवीर संभाजी चौक, पण म्हाताऱ्या माणसाला विचारताना दोन्ही नावं घ्या. रिक्षा मीटरवर क्वचितच चालते, भाडं बसण्याआधी ठरवायचं.

रेल्वेरूळ ही दिशेची सोपी खूण. रुळाच्या उत्तरेला खडे बाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, रविवार पेठ हा पेठेचा भाग. त्याच्याही पूर्वेला किल्ला. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, मग पश्चिमेला कॅम्प, म्हणजे लष्करी छावणी, वसला, आणि मधे ही पेठ राहिली. रुळाच्या दक्षिणेला टिळकवाडी, शहापूर, वडगाव. यातलं शहापूर सांगली संस्थानात होतं. आज कुठं सीमा दिसत नाही, पण रंग खेळायच्या दिवशी दिसते. पेठेत धुळवडीला रंग, शहापूर-वडगावात रंगपंचमीला. एकाच शहरात चार दिवसांच्या अंतरानं दोनदा भिजायचं नसेल तर बेत त्या हिशेबानं करा. धुळवडीला पांगुळ गल्लीत अश्वत्थामा मंदिरापुढं लोक रंगाच्या चिखलातून लोटांगण घालतात. ते पाहायला गेलात तर कपडे टाकून द्यायचे आहेत हे धरून चाला, आणि मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत.

गाडी आणणाऱ्यांसाठी एवढंच: गल्लीत लावायचा हट्ट धरू नका. बापट गल्लीत पार्किंग आहे, नाहीतर पेठेबाहेर ठेवून चालत या. अख्खी पेठ चालत अर्ध्या-पाऊण तासात पालथी घालून होते. गणपत गल्लीतून सकाळी दहाच्या आत फिरलात तर इमारती दिसतील. त्यानंतर फक्त माणसं. त्याच गल्लीत सार्वजनिक वाचनालय आहे, १८४८ पासूनचं. बाहेरून आलेल्यांनी तिथं तासभर वृत्तपत्रं चाळत बसावं, गावाचा सूर लवकर सापडतो. किर्लोस्कर रोडवरून जाताना आठवावं की किर्लोस्कर बंधूंनी १८८८ मध्ये याच गावात सायकलचं दुकान काढलं होतं. पुढचं सगळं कारखानदारीचं रामायण त्यानंतरचं.

महिना-दोन महिने घर घेऊन राहायचं असेल तर गोष्ट जरा बारकाईनं पाहावी लागते. जुनी घरं एकाला एक लागून, समाईक भिंतीची. जोतं जांभ्या दगडाचं, भिंती मातीच्या, दीड-दोन फूट जाडीच्या, वर मंगळुरी कौलं. पुढं सोपा (ओसरी), मग माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, मागं परडं आणि बऱ्याच ठिकाणी विहीर. घर अरुंद नि खोल, त्यामुळं माजघरात दुपारी बारालाही दिवा लागतो. याच जाड भिंतीत वायफाय अडतं. राउटर माजघराच्या दाराशी ठेवला तरच दोन्हीकडं पोचतं. भिंतीत ड्रिल मारू नका, माती भुसभुशीत होऊन भोक मोठं होत जातं. जुन्या खुंट्या असतील त्याच वापरा.

करार करताना घरमालकाकडं सिटी सर्व्हेचा उतारा मागा. पेठेतल्या घरांवर बहुधा तीन-चार वारसांची नावं असतात, आणि तुमच्याशी बोलणारा त्यांतला एकच असतो. बाकीच्यांची संमती कागदावर नसेल तर सहा महिन्यांनी दुसरा भाऊ भाडं मागायला येतो. कागद बहुतेक कन्नडमध्ये असतो. सही करण्याआधी कन्नड वाचता येणाऱ्याकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. गल्लीत असा माणूस शोधावा लागत नाही, शेजारच्या काकू हाक मारून देतात.

भाड्याचं घर पाहायचं ते मे महिन्यात किंवा थेट भर पावसात. थंडीत सगळीच घरं सुंदर दिसतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून ७५० मीटरच्या वर आहे आणि वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला मोठा भाग जून ते सप्टेंबरात, धो-धो कमी आणि दिवसदिवस चालणारी झिमझिम जास्त. कौलारू घराची खरी परीक्षा झिमझिमीतच होते. जोराचा पाऊस उतारावरून पळून जातो. बारीक पाऊस वाऱ्यानं उलटा फिरून कौलांच्या सांध्यात शिरतो.

म्हणून मृगाच्या आधी, म्हणजे जूनचा पहिला आठवडा उजाडायच्या आत, घर शेकारून घ्यायचं, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा नीट बसवायची. पद्धत अशी. खालच्या पागोळीकडून सुरुवात न करता आढ्याकडून कौलं उतरवतात, म्हणजे उतरवलेल्या जागी पाय रिपेवर, म्हणजे कौलं टेकतात त्या लाकडी पट्टीवर, पडतो, कौलावर नाही. रिपांमधलं अंतर साडेबारा इंचांच्या आसपास असतं. एखादी रीप बदलली आणि अंतर अर्धा इंच वाढलं की वरच्या कौलाचा ओठ खालच्यावर नीट बसत नाही आणि पुढचा सगळा पट्टा गळतो. एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, साधारण दीडशे कौलं लागतात. शंभरात पाच-सात फुटकी निघणार हे धरून जास्तीची आधीच आणून ठेवायची. कौलाच्या पाठीवर कारखान्याचा ठसा असतो, तो पाहून त्याच ठशाची घ्या. निरनिराळ्या कारखान्यांच्या साच्यांची खाच एकमेकांत बसत नाही. कौल चांगलं की नाही ते बोटाच्या पेरानं वाजवून कळतं: खणखण वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर केसाएवढी चीर आहे असं समजून बाजूला. पाडलेल्या घरांची जुनी कौलं मिळतात. ती नव्यापेक्षा बरी असतात, फक्त शेवाळ ताराच्या ब्रशनं काढावं लागतं.

या सगळ्यापेक्षा नाजूक प्रकरण म्हणजे पन्हळ. दोन घरांची छपरं जिथं समाईक भिंतीवर मिळतात तिथं पत्र्याची पन्हळ असते, आणि ती दोघांची असते. रुंदी निदान फूटभर हवी आणि दहा फुटांना इंचभर तरी उतार. त्यात काय काय अडकतं त्याची यादी गल्लीवरून करता येते: पिंपळाची पानं, पतंगाचा मांजा, कौलाचे तुकडे, हमखास एक टेनिस बॉल. तुंबली की पाणी कडेवरून उलटून समाईक भिंतीत मुरतं आणि ओल मात्र पन्हळ साफ न करणाऱ्याच्या नव्हे, दुसऱ्याच्या माजघरात उठते. भांडणं तिथून सुरू होतात. रीत अशी की पावसाळ्याआधी एकदा आणि श्रावणात एकदा दोन्ही घरची माणसं मिळून ती साफ करतात. शिडी एकाची, माणूस दुसऱ्याचा. नवीन भाडेकरूनं मे महिन्यात शेजारी जाऊन ‘पन्हळीचं कधी करूया?’ एवढं विचारलं तरी निम्मी ओळख झाली. सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं तर नुसतं छाटू नका, ते दुप्पट जोरानं फुटतं. मुळासकट सांधा उकरून चुन्यानं भरायचा. सिमेंट नको. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडत नाही आणि दोन पावसाळ्यांत खालचा दोन फुटांचा पट्टा पोपडे धरून गळून पडतो. पेठेत दर दहा पावलांवर याचा नमुना दिसेल.

पाण्याचं थोडक्यात. शहराला राकसकोप आणि हिडकल या धरणांचं पाणी येतं. काही भागांत चोवीस तास योजना आहे, बाकी ठिकाणी काही दिवसांआड. घर कुठल्या प्रकारात आहे ते मालकाला न विचारता समोरच्या घरी विचारा. विहीर असेल तर धुण्या-भांड्याला वापरा, प्यायला नाही. गटारं नि विहिरी इथं फार जवळजवळ आहेत.

बोलण्याचं म्हणाल तर मराठी कुठंही चालते, पाट्या कन्नड दिसल्या तरी बिचकू नका. फक्त कान जरा तयार ठेवा. ‘काय करूलालास गा?’ असं कुणी विचारलं तर तो तुमच्यावर चिडलेला नसतो, ‘काय करतोयस’ एवढंच विचारत असतो. दुकानात अण्णा, अक्का. गल्लीत मामा, काकू, वैनी. नुसतं ‘एक्स्क्यूज मी’ म्हणाल तर कुणी वळून पाहायचं नाही. सकाळी उप्पीट मागा, उपमा नको. कुंदा, म्हणजे इथली दुधाची मिठाई, घ्यायचा तर पाव किलोच घ्या आणि तो दाणेदार, ओलसर, तपकिरी बघून घ्या. गर्द काळपट असेल तर साखर जास्त जळलेली असते, मागून कडू लागतो.

सणांचं वेळापत्रक मात्र हाताशी ठेवा, कारण त्या दिवसांत गल्ली तुमची राहत नाही. शिवजयंती इथं परंपरेप्रमाणं वैशाखात होते आणि मग चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. आषाढात वडगावला मंगाईची यात्रा. तिच्याआधी वार पाळतात, त्या दिवशी कामं बंद. गवंडी किंवा सुतार बोलावला असेल तर आधी विचारून घ्या. नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौड, पांढऱ्या कपड्यांतली अनवाणी पोरं भगवे झेंडे घेऊन गल्लीतून जातात. त्यांच्या वाटेवर दारोदारी रांगोळी असते, तेव्हा रात्री दुचाकी दारात लावू नका. दिवाळीत पोरांचे किल्ले असतात, तिथंही तेच.

आणि गणपतीचे अकरा दिवस. मंडपामुळं गल्लीत चारचाकी शिरत नाही. जड सामान, गॅसचं सिलिंडर, आजारी माणसाची डॉक्टरची वारी, सगळं चतुर्थीच्या आधी उरकून घ्या. विसर्जनाची मिरवणूक हुतात्मा चौकातून निघते आणि कपिलेश्वर तलावापर्यंत पोचायला तिला दुसरा दिवस उजाडतो. तिच्या वाटेवरच्या घरात झोप मिळत नाही. शेजारी वरच्या मजल्यावरची खिडकी रिकामी करून बोलावतात, तेव्हा जा. सोबत पाण्याची बाटली न्या, आणि परत यायच्या वाटेवर फळा पाहून घ्या. उद्या मंडप उतरवायला किती वाजता जमायचं ते तोवर त्याच्यावर लिहिलेलं असतं.